कागदात मिश्री नव्हती

युसूफ वडगाव या गावी माझ्या भावाच्या नातवाला लिंग बांधलं, ते साल दोन हजार तेवीस. फेब्रुवारी महिना होता. आमच्या लिंगायतांत मूल जन्मलं की स्वामींना बोलावून त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, मग नाव ठेवतात, मग जेवणं. घाटनांदूरहून आम्ही पाचजण गेलो होतो. मी, आमचे मालक ईश्वरप्पा, त्यांच्या थोरल्या बहीण छबुबाई, माझा मुलगा राजेश्वर आणि सून शिवांजली.

लिंग बांधून झालं तशी माझी भावजय विमलबाई हिनं बाळ उचललं आणि सरळ शिवांजलीच्या मांडीवर ठेवलं. शिवांजलीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती; मूल नसलेल्या बाईच्या मांडीवर नवं बाळ ठेवायची आमच्याकडे रीत आहे. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. तेवढ्यात राजेश्वरचा फोन वाजला. तो मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन बोलला आणि तिथंच उभा राहिला. शिवांजलीनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं नुसती मान हलवली.

लातूरच्या दवाखान्यातून रक्ताचा रिपोर्ट आला होता. आयव्हीएफचा पहिला प्रयत्न फेल गेला होता. दीड महिना पोटात सुया टोचून घेतल्या, त्याचं उत्तर असं मांडवात आलं.

बाळानं त्याच वेळी तिची नवी साडी ओली केली. बायका हसल्या. विमलबाई म्हणाली, "शुभ हाय, लई शुभ हाय!" शिवांजली पण हसली. तिनं बाळाचे पाय पुसले, त्याला परत दिलं आणि पंगतीत बसून जेवली. वाढणाऱ्यानं आग्रह केला तर एक पुरणपोळी जास्त घेतली.

परत येताना आम्ही सगळे एकाच गाडीत होतो. केज मागं पडल्यावर शिवांजली बोलली.

"अजून एकदा करीन. दोनदाच. तिसऱ्यांदा मी त्या टेबलावर झोपणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवते."

राजेश्वर म्हणाला, "बरं."

मागून छबुबाई म्हणाल्या, "पोरीनं बरोबर सांगितलं."

म्हणजे आमच्याकडे एकच संधी उरली होती. हे मी त्या दिवसापासून डोक्यात धरून बसले. मला राजेश्वर लग्नानंतर अकराव्या वर्षी झाला. त्या अकरा वर्षांत लोकांनी काय काय ऐकवलं ते मला ठाऊक आहे. माझ्या सुनेवर तशी वेळ येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. चांगल्याच मनानं ठरवलं होतं. पण चांगल्या मनानं माणूस किती छळतो, हे मला नंतर कळलं.

पंधरा दिवसांनी लातूरला गेलो. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा यश येतंच असं नाही, ठराविक कारण सांगता येत नाही. तीन महिने शरीर तयार करा, खाणंपिणं सुधारा, मग दुसऱ्यांदा करू. त्यांनी आम्हाला आहाराच्या मॅडमकडे पाठवलं. सत्यशीला मॅडम. वयानं लहान, पण बोलणं ठाम. त्यांनी एक छापील कागद पुढं ठेवला आणि एकेक विचारत गेल्या. चहा किती? झोप किती? चालणं किती?

"तंबाखू, गुटखा, दारू?"

"न्हाई मॅडम," मीच मध्ये बोलले. "आमच्या घरात कुणी तंबाखूला शिवत न्हाई. राजूला गुटख्याचा नाद होता, तो लग्नानंतर सोडवला."

"आणि ताई तुम्ही?"

"मी?" शिवांजली हसलीच. "न्हाई हो मॅडम."

ती खोटं बोलली नाही. मी पण नाही.

मला अक्षरं राजेश्वरमुळे आली. तो दुसरीत असताना त्याच्याच पाटीवर मी गिरवलं. तेव्हापासून छापलेलं काही हातात आलं की मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तो कागद मी स्वयंपाकघरात चुलीच्या वर, डब्यांच्या फळीशेजारी खळीनं चिकटवला. रोज सकाळी उभी राहून वाचायची. आपल्याला लागू नाही अशी एक ओळ त्यात होती: तंबाखू, दारू, धूम्रपान पूर्ण बंद. आमच्या किराणा दुकानातली पेन्सिल आणून मी ती ओळ खोडून टाकली. उगाच दरवेळी वाचण्यात वेळ कशाला.

दुसऱ्या दिवसापासून घरात माझं राज्य सुरू झालं. मैदा बंद. साखर बंद. दुकानातली खारी, फरसाण, बिस्किटं शिवांजलीला बंद. तिचा हात बरणीत जाऊ नये म्हणून मी तिला दुकानात बसायलाच मनाई केली. चहा दिवसातून अर्धा कप, तोही बिनसाखरेचा. सकाळी मोड आलेली मटकी, भिजवलेले बदाम, दुपारी भाकरी आणि पालेभाजी, वाटीभर ताक, संध्याकाळी भोपळ्याच्या बिया. कागदात अंडी लिहिली होती. आमच्या घरात अंडं आजवर आलं नाही. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, सोयाबीन द्या. सोयाबीनची पोती आम्ही आयुष्यभर मोंढ्यावर विकायला घातली, पण ते खाल्लं कधी नव्हतं. पहिल्या दिवशी त्याची उसळ केली, तर मालकांनी ताट पुढं सरकवलं.

"हे ढोराला घालतेत."

"तुमाला कोण म्हणतंय खा म्हणून? पोरीसाठी केलंय."

"मग पोरीला इचार, तिला ढोर हाय का म्हणून."

छबुबाई हसायला लागल्या. "आप्पा, तू गप जेव. उद्या कागदात तुजं नाव निघालं तर तुला पण भिजत घालंल ही."

छबुबाई म्हणजे माझी नणंद. मी त्यांना वन्स म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या माहेरी परत आलेल्या होत्या. पंधराव्या वर्षी लग्न, अकरा वर्षं नांदल्या, मूल झालं नाही, मग नवऱ्यानं दुसरी आणली आणि यांना भावाच्या दारात आणून सोडलं. तेव्हापासून त्या आमच्याकडेच. कमी बोलायच्या, पण बोलल्या की नेमकं लागायचं.

राजेश्वरलाही कागद होता. मोटारसायकल कमी, घट्ट पॅन्ट नको, कढत पाण्यानं आंघोळ नको, मोबाईल खिशात नको. तो मोबाईल पिशवीत घालून काठीला अडकवल्यासारखा लांब धरून गावातून फिरायचा. लोक विचारायचे, "काय बे राजा, मोबाईलला रोग झाला का?" तो म्हणायचा, "मला होऊ न्हाई म्हणून." त्याचं हसण्यावारी जायचं. शिवांजलीचं तसं नव्हतं. तिचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर.

सकाळी सहाला मी तिला स्टेशनच्या रस्त्यानं चालायला न्यायचे. गल्लीतल्या बायका ओसरीवरून विचारायच्या, "सासूसुना कशापायी निघालात म्हणावं, गाडी गाठायची का?" मी सांगायचे, गुडघ्यासाठी. शिवांजली मान खाली घालून चालायची. एक दिवस तिनं भाकरी अर्धी जास्त घेतली. मी म्हणाले, "कागदात दोनच लिहिल्यात."

तिनं घास खाली ठेवला. "आई, मला भूक किती लागली हे पण कागदालाच इचारायचं का?"

"तुज्यासाठीच सांगते ना."

"माज्यासाठी म्हणूनच तर काही बोलता येईना."

चहा सुटल्यावर तिचं डोकं दुखायला लागलं. दुपारी बारा वाजले की कपाळ धरून बसायची. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या आठवडाभरात थांबेल. थांबलं नाही. पण तिला एक उपाय सापडला होता, आणि तो मीच हातात दिलेला होता.

आमच्या घरात सकाळी उठलं की आम्ही तिघी मागच्या अंगणात बसून मिश्री लावायचो. वन्स दर आठवड्याला जाड तव्यावर काळ्या तंबाखूचा पाला भाजायच्या, जळून काळा झाला की कुटून फडक्यानं चाळायच्या. वस्त्रगाळ, काजळासारखी. अर्ध्या गल्लीला त्यांच्या हातची मिश्री लागायची. शिवांजली नवी नवरी होती तेव्हा तिची दाढ दुखायची, तेव्हा मीच तिला बोटावर घेऊन लाव म्हणाले. दाढ थांबली, मिश्री राहिली.

मिश्री तंबाखूची करतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाला तर आमच्याच दुकानातून जायचा. पण तंबाखू म्हणजे पुरुष चुना मळून गालात धरतात ती. मिश्री म्हणजे दात घासायचं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नाहीत. आमच्या तिघींपैकी कुणाच्याच नाही.

चहा गेला तसं शिवांजलीचं मिश्री लावणं वाढलं. आधी सकाळी एकदा होतं. मग दुपारी, मग भांडी झाल्यावर, मग संध्याकाळी. लावली की तिचं डोकं उतरायचं. मला बरं वाटायचं. निदान एवढं तरी तिच्या मनासारखं आहे, पोटात तर काही जात नाही, लावायचं आणि थुंकायचं. तिची डबी संपली की मीच भरून ठेवायचे.

असे तीन महिने आणि वर काही दिवस गेले. आठ जूनला लातूरला गेलो. शिवांजलीचं वजन साडेचार किलो उतरलं होतं. रक्त वाढलं होतं. साखर चांगली. सत्यशीला मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "आजी, तुमच्यासारखी सासू प्रत्येकीला मिळाली पाहिजे." मी पदर सावरून बसले.

शिवांजली पण बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. मॅडमनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"ताई, दातांना काय लावता?"

"मिश्री."

"किती वेळा?"

"आधी एकदाच लावायचे. आता चार-पाच वेळा होतंय. चहा सोडला ना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ताई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच ना हो. हिरड्यांतून सरळ रक्तात जाते."

राजेश्वरनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे. टेबलावर तसलाच एक नवा कागद होता आणि ती ओळ त्यावर स्वच्छ छापलेली होती.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पहिल्या वेळी याच्यामुळेच फेल गेलं असं मी म्हणणार नाही. पण याच्यामुळे नाहीच गेलं असंही म्हणता येत नाही. दोन-अडीच महिने पूर्ण बंद करा. मग सुरू करू."

राजेश्वर म्हणाला, "म्हंजे आतापर्यंतचे तीन महिने?"

"ते वाया नाही गेले," डॉक्टर म्हणाले. पण आम्हाला ते वायाच गेलेले दिसत होते.

परतीच्या वाटेवर रेणापूर मागं टाकलं. शिवांजली एकदम बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, समोरच्या काचेकडे बघत.

"भाकरी मोजली. बदाम मोजले. मी किती वाजता झोपले ते मोजलं. माज्या माहेरी फोन करून सांगितलं, तिला लाडू पाठवू नका म्हणून. आन डबी मात्र तुमीच भरून देत होता."

"मला काय ठाऊक, पोरी?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं? पण मी कुठं कुणाचं मोजत होते?"

 

घरी आलो तेव्हा वन्स अंगणात बसून मिश्री चाळत होत्या. आठवड्याची ताजी. सगळ्या अंगणात तो वास. माझा राग कुणावर निघायचा तो त्यांच्यावर निघाला.

"वन्स, हे बंद करायचं. आजपासून घरात हा तवा चढवायचा न्हाई."

"कावून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांचा फडकं हलवणारा हात थांबला.

"म्हंजे मिश्रीनं लेकरू ठरत न्हाई?"

"तसं डॉक्टर म्हणले न्हाईत. असू शकतं म्हणले."

"मी बारा वर्षाची असल्यापासून लावते."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"अकरा वरसं मी देव देव केलं, शिवकांता. सोळा सोमवार धरले. अंगारे खाल्ले. कुणी सांगितलं म्हणून लिंबाचा पाला वाटून पिले, तोंड आतून सोलून निघालं. रोज सकाळी उठले की आधी मिश्री लावायची, मग उपास धरायचा. सासूनं शिव्या दिल्या, नवऱ्यानं मारलं, पण कुणी असं म्हणलं न्हाई, छबे, ही डबी टाकून बघ. कावून म्हणलं न्हाई कुणी?"

"कुणाला ठाऊक होतं, वन्स? आन मिश्रीनंच असं कशावरून? मी पण लावतच होते. मला राजू झालाच की."

"अकराव्या वर्षी," त्या म्हणाल्या. "मला अकराव्या वर्षी हाकललं. तुला अकराव्या वर्षी झाला."

एवढं बोलून त्यांनी फडक्यातली मिश्री मोरीत पालथी केली. वर दोन तांबे पाणी ओतलं. काळं पाणी नालीनं गेलं. मग म्हणाल्या, "तो कागद काढ. त्याच्यावर मिश्री लिही."

मी पेन्सिल आणली. खोडलेल्या ओळीच्या वर मोठ्या अक्षरात मिश्री लिहिलं. वन्सना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हीच का?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याला त्यांनी तवा देऊन टाकला.

एका घरात तीन बायकांनी एकदम मिश्री सोडली, त्या घरात काय होतं ते सांगण्यासारखं नाही. डोकं जड, हिरड्या शिवशिवतात, सकाळी पोट साफ होत नाही. भांडं आपटलं तरी भांडण. मालक दुपारचा डबा दुकानातच मागवायला लागले. म्हणाले, "ह्याच्यापरीस घरात वाघ बांधलेला बरा." राजेश्वरला तर सणच झाला होता. "मी गुटखा सोडला तवा तुमी तिघी कशा हसत होता? घ्या आता, बडीशेप घ्या. आत्या, तुमाला पण देऊ का पुडी?"

वन्स म्हणाल्या, "तुज्या तोंडात घाल आन मुकाट बस."

अकराव्या दिवशी मी हरले. कनवटीला जुनी डबी राहिली होती, तळाशी चिमूटभर. पाण्याच्या टाकीमागं उभी राहून मी बोट फिरवलं. डोक्यात जे मोकळं झालं ते काय सांगू. वळले तर शिवांजली समोर, हातात बादली.

"आई, दात दाखवा."

सासूला दात दाखवा म्हणणारी सून आमच्या गल्लीत तोपर्यंत झाली नव्हती. मी तोंड मिटून उभी. तिनं हात पुढं केला. मी डबी दिली. ती तिनं नालीत टाकली नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागं गेले. तिनं भिंतीवरचा कागद जपून सोडवला आणि आपल्या कपाटाच्या दाराला लावला.

"आता हा मी वाचणार. तुमी ऐकायचं. मी किती भाकरी खायची ते मला कळतं. तुमची डबी मात्र मी मोजणार."

मला राग आला. खूप आला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण परत मिश्रीला हात लावला नाही, तो त्या रागानंच.

वन्सनी मात्र त्या दिवसापासून एकदाही लावली नाही. बासष्ट वर्षांची सवय. सकाळी त्या जागेवर बसायच्या, बोट दातांवर फिरवायच्या, नुसतंच. जुलै महिन्यात म्हणायला लागल्या, छातीत भरल्यासारखं होतंय. मी म्हणाले, मिश्री सोडल्यानं गॅस होतो, माझंही होतंय. ओवा दिला. आम्ही सगळे लातूरच्या फेऱ्यांत होतो. शिवांजलीच्या सुया सुरू व्हायच्या होत्या. वन्सना अंबाजोगाईला दाखवून आणू, असं राजेश्वर एकदा म्हणाला, तर त्याच म्हणाल्या, "आधी हिचं होऊ दे. मी कुठं पळून चालले?"

ऑगस्टच्या मध्यात सुया सुरू झाल्या. वन्स रोज सकाळी शिवांजलीजवळ येऊन बसायच्या. एकदा तिच्या पोटावरचे निळे डाग बघून म्हणाल्या, "आमच्या टायमाला हे असतं तर मी हजार सुया घेतल्या असत्या." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "ऐक पोरी. आपल्यात सुतक न्हाई. माणूस गेलं की माती देऊन घरी यायचं, हातपाय धुवून सैपाक करायचा. मधीच माजं काही झालं तरी तारीख चुकवायची न्हाई."

"आत्या, काहीतरीच काय!"

"काहीतरी न्हाई. हो म्हण."

शिवांजली हो म्हणाली.

सव्वीस तारखेला लातूरला तिची बीजं काढली. सात निघाली, त्यातली चार चांगली. गुरुवारी, एकतीस तारखेला, गर्भ आत ठेवायचा ठरलं. मधला सोमवार श्रावणातला होता. वन्सनी उपास धरलेला. दुपारी शिवांजली त्यांना भगर द्यायला अंगणात गेली तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, बोट ओठाशी. तिला वाटलं, डोळा लागला असेल.

संध्याकाळी माती दिली. मंगळवार, बुधवार माणसं येत राहिली. युसूफ वडगावहून विमलबाई आली. गुरुवारचं कळलं तशी ती म्हणाली, "घरातलं माणूस जाऊन तीन दिवस न्हाई झाले, आन पोरीला दवाखान्यात घेऊन चाललात? लोक काय म्हणतील?"

मी म्हणाले, "आपल्यात सुतक न्हाई."

"पुस्तकात न्हाई. लोकांच्या तोंडात हाय की."

राजेश्वरनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गर्भ गोठवून ठेवता येतील, महिन्या-दोन महिन्यांनी करू, तुमचं तुम्ही ठरवा. तो फोन कानाला धरून आमच्याकडे बघत होता. मालक खाली बघत होते. आयुष्यभर मी अशा वेळी बोलत आले. त्या दिवशी गप्प बसले.

शिवांजली म्हणाली, "आत्याला मी हो म्हणलेय. जायचं."

गुरुवारी गेलो. डॉक्टरांनी दोन गर्भ आत ठेवले. बाकीचे दोन वाढले नव्हते, ते टाकून दिले. मग पंधरा दिवस तिनं काय खावं, कसं झोपावं, मी एकदाही बोलले नाही. ओठ शिवून बसले म्हणा.

चौदा सप्टेंबरला फोन आला. या वेळी तिच्याच फोनवर. ती भाकरी थापत होती. "हॅलो. हो, मीच. बरं. ठीक हाय." एवढंच. फोन ठेवला, तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबली, काढली. मग म्हणाली, "न्हाई झालं."

मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "चहा करा. साखर घालून. पूर्ण कप."

मी केला. तिनं मालकांच्या बरणीतून दोन खाऱ्या आणल्या आणि तिथंच ओट्याशी उभी राहून चहात बुडवून खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खात होती. मी पण उभी होते. तिला जवळ घ्यावं असं वाटलं, पण ते तिला आवडेल का ते कळेना, म्हणून खारीची बरणी तिच्याकडे सरकवली.

त्यानंतर ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. विमलबाईनं सांगितलं, सुतकात गेलात म्हणून. गल्लीत कुणी म्हणालं, पोरीनं आत्याच्या मयताला हात लावला म्हणून. कुणी म्हणालं, मिश्री आधीच सोडायला पाहिजे होती. मी एकदा राजेश्वरला घेऊन डॉक्टरांना विचारायला गेले. मला ते कळून घ्यायचंच होतं.

"सगळं चांगलं होतं, आजी. कधी कधी रुजत नाही."

"मग मिश्रीनं झालं का?"

"ते सांगता येत नाही."

"आन तीन महिने उशीर झाला म्हणून?"

"तेही सांगता येत नाही."

"मग तुमाला सांगता काय येतं?" मी म्हणाले. राजेश्वरनं माझा हात धरला. मी तशीच उठून बाहेर आले.

तिसऱ्यांदा करायचं का, हे शिवांजलीनं अजून सांगितलेलं नाही. तिनं गाडीत जे सांगितलं होतं ते मला आठवतं, म्हणून मी विचारत नाही. विचारायला जीभ शिवशिवते, मिश्रीला शिवशिवायची तशीच. ती आता दुकानात बसते. हिशेबात मालकांपेक्षा हुशार आहे. भाकरी तिला हवी तेवढी खाते. सकाळी चालायला जाते, एकटी. मी मागं जात नाही.

कपाटावरचा कागद तिनं काढला तेव्हा मी तो फाडायला घेतला. तिनं हातातून काढून घेतला. "फाडू नका. त्याच्यावर आत्यांनी लिहून घेतलंय." तो तिच्या साड्यांखाली आहे. घरात परत कुणी मिश्री आणली नाही. गल्लीतल्या बायका अजून विचारत येतात, छबुबाईच्या हातची जरा शिल्लक असेल तर द्या म्हणून. मी त्यांना सांगते ते त्यांना पटत नाही. हसतात आणि जातात.

छबुबाई, ईश्वरप्पांच्या थोरल्या बहीण, वय चौऱ्याहत्तर, या सोमवार दिनांक अठ्ठावीस ऑगस्ट दोन हजार तेवीस रोजी दुपारी घाटनांदूरच्या राहत्या घरी वारल्या. मिश्री सोडून त्यांना ऐंशी दिवस झाले होते.